पुरेसा म्हणजे किती?

चाकाचा नट किती घट्ट करायचा, या प्रश्नाला माझ्या माहेरी एकच उत्तर होतं. "पुरेसा." आमटीत मीठ किती, कणकेत पाणी किती, यालाही आईचं तेच उत्तर असायचं, त्यामुळे लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबा एस.टी.त मेकॅनिक. एकतीस वर्षं नोकरी केली, २००८ साली हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. पाना हातात धरला की नट आपणहून बोलतो, आता पुरे म्हणतो, असं ते सांगायचे. मला तो नट कधी बोलल्याचं आठवत नाही, पण बाबांशी तो बोलतो यावर माझा पूर्ण विश्वास होता.

मी इथे मिशिगनमध्ये राहते. आमच्याकडे होंडा सिव्हिक आहे. तिच्या पुस्तकात याच प्रश्नाचं उत्तर १०८ न्यूटन-मीटर असं छापलेलं आहे. आज त्याबद्दल लिहायचंय. गाडीत रस नसलेल्यांनी (ताई, हे तुला) थोडा धीर धरावा, पुढे माणसंही आहेत.

आधी हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मी आणि लेक लान्सिंगहून परत येत होतो, आय-९६ वरून. संध्याकाळची वेळ, थंडी, आणि मागचं चाक पंक्चर. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चाक बदलायला बाबांनी मला कॉलेजात असतानाच शिकवलं होतं. पण नट हलेना. गाडीसोबत येणारा पाना जेमतेम ३० सेंटिमीटर लांब असतो. शेवटी मी त्या पान्यावर उभी राहिले. अक्षरशः, दोन्ही पायांनी, गाडीच्या टपाला धरून. नट ढिम्म. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. लेक मागच्या सीटवरून विचारत होती, "आई, आपण आता इथेच राहायचं का?" मदतीला माणूस यायला दोन तास लागले. त्याने मीटरभर लांबीची कांब लावली, पूर्ण वजन टाकलं, तेव्हा कुठे तो नट किंचाळत फिरला.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. माझं वजन ५० किलो, पाना ३० सेंटिमीटर. ५० गुणिले ९.८ गुणिले ०.३ म्हणजे १४७ न्यूटन-मीटर. एवढा पीळ देऊनही नट सुटला नाही. टायर बसवून दहाच दिवस झाले होते, म्हणजे गंजाचा प्रश्न नव्हता. आणि गंज नसेल तर नट सोडवायला साधारणपणे आवळायला लागतो त्याहून थोडा कमीच पीळ लागतो. मग तो आवळला होता किती? ज्या गॅरेजमध्ये टायर बसवले तिथे हवेवर चालणारी गन होती. घर्रर्र आवाज झाला की झालं, पुढचं चाक. गन चालवणाऱ्याला दिवसाला कितीतरी चाकं उरकायची असतात, तो तरी काय करणार. पण ज्याला तो नट रस्त्याच्या कडेला हाताने उघडायचा आहे, त्याचा विचार त्या घर्रर्रमध्ये नसतो. शिवाय फार आवळलं तर आतल्या बोल्टचं पोलाद ताणून कायमचं लांबू शकतं, ब्रेकची डिस्क वाकडी बसून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू शकतं. सैल राहिला तर काय होतं ते सांगायला नको.

त्या आठवड्यात मी टॉर्क रेंच आणला.

दिसायला तो लांब दांड्याचा पानाच. दांड्यात एक स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावला की ती स्प्रिंग तेवढी दाबली जाते. मग नट आवळत गेलं की ठरलेला पीळ आला त्या क्षणी आतला खटका निसटतो, 'टक्' असा आवाज येतो आणि हाताला एक बारीकसा हिसका बसतो. तिथे थांबायचं. बस्स, एवढंच. तो नटाला पुढे फिरण्यापासून अडवत नाही, फक्त सांगतो. ऐकायचं की नाही हे आपल्या हातात. खात्री म्हणून आणखी दोनदा टक् टक् करायची अनेकांना सवय असते, त्यात नट दरवेळी थोडा थोडा पुढे सरकू शकतो.

हे हत्यार शोधण्याचं श्रेय सहसा कॉनरॅड बार नावाच्या माणसाला दिलं जातं. १९१८ साली तो न्यूयॉर्क शहराच्या पाणी खात्यात कामाला होता. जमिनीखालच्या नळांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळायचे आणि ते तुटायचे, त्यावरचा हा उपाय. म्हणजे 'पुरेसा' या उत्तराचा त्रास झालेली मी काही पहिली नाही. :)

माझ्यासारखीच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोठी गंमत वेगळीच आहे. माझा रेंच ४५ सेंटिमीटरचा आहे. १०८ न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाला साधारण २४-२५ किलोचा जोर लावावा लागतो, विमानात न्यायच्या एका भरलेल्या बॅगेइतका. तेवढा मला सहज जमतो. गाडीचं काम म्हणजे पुरुषी ताकदीचं काम, असं मी दोन्ही देशांत ऐकलंय. पण नट पहिलवानाने आवळला काय आणि मी आवळला काय, टक् एकाच जागी होतं. नवरा गाडी चालवतो, मी गाडी सांभाळते, अशी आमची वाटणी झाली ती तेव्हापासून. इंजिन ऑइल काढायच्या बोल्टला साधारण ४०, स्पार्क प्लगला १८ असे आकडे त्याने गॅरेजच्या भिंतीवर लिहून चिकटवलेत. (१८ साठी छोटा रेंच वेगळा लागतो. मोठ्या रेंचचा त्याच्या मापाच्या अगदी तळाच्या आकड्यांवर भरवसा नसतो.)

आता बाबांकडे येते.

मागच्या वर्षी आई-बाबा जूनमध्ये आले आणि नोव्हेंबरच्या शेवटी परत गेले. इथे पारा ७ अंशांच्या खाली राहायला लागला की आम्ही हिवाळी टायर चढवतो, कारण थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मी जॅक बाहेर काढला तसे बाबा स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर नवऱ्याची टोपी घालून हजर. रेंच बघून म्हणाले, "हा आमच्या वर्कशॉपमध्ये होता. फोरमनच्या कपाटात, कुलपात. इंजिनाचं हेड बसवतानाच बाहेर निघायचा. चाकाला कशाला लागतो गं? एक चाक मी करतो, तू बघ."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांना बरीच वर्षं शुगर आहे. आधी तळपायांना मुंग्या येत होत्या, गेल्या दोन वर्षांत हाताच्या बोटांपर्यंत बधिरपणा आलाय. चहाचा कप किती गरम आहे हे त्यांना ओठाला लावेपर्यंत कळत नाही. शर्टाची बटणं आई लावते. याबद्दल घरात कुणी बोलत नाही, आणि बाबा तर नाहीच नाही.

त्यांनी पुढचं उजवं चाक चढवलं. साध्या पान्याने, एक नट सोडून एक अशा क्रमाने, अगदी ऐटीत. पाच नट झाले. पाना खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "तपास तुझ्या यंत्राने."

मी ६० वर लावला, मग दहा-दहाने वर नेत गेले. रेंच १०८ वर लावून टक् ऐकलं तर नट निदान तितका घट्ट आहे एवढंच कळतं, किती जास्त ते कळत नाही, म्हणून असं खालून वर जावं लागतं. दोन नट ८० लाच फिरायला लागले. एक ९० ला. उरलेले दोन १२० लासुद्धा हलले नाहीत. मापायची ही काही अगदी काटेकोर पद्धत नाही, पण एकाच चाकावर, एकाच हाताने, पाच मिनिटांत एवढा फरक.

बाबांनी विचारलं, "किती?"

त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या मनात बरंच काही येऊन गेलं. 'एकदम बरोबर बाबा' म्हणून टाकणं सोपं होतं. नंतर ते आत गेल्यावर मी सगळे नट गुपचूप नीट केले असते. लेकीने तिच्या चित्रांबद्दल विचारलं की मी तेच करते. पण मला लहानपणीची एक रात्र आठवली. बाबा ड्यूटीवरून तीन तास उशिरा आले होते आणि आईशी बोलताना मी ऐकत होते. लांब पल्ल्याची एक गाडी सुटायच्या वेळी त्यांना एका चाकाबद्दल शंका आली, त्यांनी गाडी अडवून सगळी चाकं पुन्हा तपासली. चाळीस मिनिटं उशीर. प्रवासी ओरडत होते, साहेब ओरडत होते. "ओरडू देत," बाबा म्हणाले होते, "गाडी गेटबाहेर पडते ती माझ्या सहीवर." चाकाबद्दल अशा माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे त्याच्या त्या सगळ्या सह्यांवर काट मारण्यासारखं झालं असतं. आणि त्या गाडीतून दुसऱ्या दिवशी लेक शाळेत जाणार होती... म्हणजे सोमवारी.

मी आकडे सांगितले. जसेच्या तसे, पाचही.

ते काही बोलले नाहीत. हातांकडे बघत राहिले. मग "चहा घेऊन येतो" म्हणत आत गेले. मी गाडीजवळ उभी राहिले. आत जावं की न जावं ते कळेना. पंधरा मिनिटांनी ते दोन कप घेऊन आले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पूर्वी बोटांना कळायचं. आता पाना धरलाय की नाही एवढंच कळतं. तू बरं केलंस सांगितलंस." आणि लगेच पुढे, "हा आकडा लावायचा कसा ते दाखव."

दुसरं चाक त्यांनी रेंचने केलं. पहिल्या टक्‌ला ते थांबले आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना ते कळलं होतं. बोटांना नाही, मनगटाला आणि कोपराला. खटका निसटल्याचा हिसका दांड्यातून वर येतो ना, तो. पाचही नट त्यांनी केले, आणि प्रत्येक टक्‌ला मान डोलावली. गाण्याच्या मैफलीत समेवर डोलावतात तशी.

पण आकडा आला आणि बाबांचं शहाणपण मोडीत निघालं असं काही झालं नाही, उलटच झालं. तिसरं चाक मी उचलून बसवायला गेले तर म्हणाले, "थांब." हबवर, म्हणजे चाक जिथे टेकतं त्या गोल पृष्ठभागावर, गंजाचे पापुद्रे होते. त्यांनी तारेच्या ब्रशने तो घासून लख्ख केला. मधे गंज किंवा माती राहिली तर रेंच १०८ दाखवेल, टक् करेल, आणि शंभर किलोमीटर गेल्यावर तो गंज दबून चुरा झाला की नट सैल. रेंचला फक्त विरोध कळतो, तो विरोध कशाचा आहे हे कळत नाही. नट वाकडा चढून आटे खराब झाले तरी तो तितक्याच आनंदाने टक् करतो.

म्हणून बाबांचा नियम असा, की पहिले चार-पाच आटे पान्याने नाही, नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. अडकला तर काढून पुन्हा लावायचा. हे काम मात्र त्यांच्या बोटांना आता जमत नव्हतं. त्यांनी नातीला हाक मारली. ती हातमोजे काढून नट लावत होती आणि ते शेजारी स्टुलावर बसून विचारत होते, "अडकतोय का? कुरकुरतोय का? लोण्यासारखा फिरतोय ना? मग पुढचा." उरलेली दोन चाकं अशी झाली. नातीची बोटं, माझा जोर, बाबांची देखरेख. सही कुणाची म्हणायची ते ठरलं नाही.

त्या दिवसापासून मी अंदाज आणि आकडा यांचा विचार करतेय. आपल्याकडे अंदाजाला फार मान आहे आणि तो उगाच नाही. हात बसायला वर्षं लागतात. गंमत म्हणजे आकडाही वाटतो तेवढा काटेकोर नसतो. नट आवळायला आपण जितका पीळ देतो, त्यातला जवळपास निम्मा नटाच्या टेकण्याच्या जागी घासण्यात जातो, साधारण चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणून चाक धरून ठेवायच्या कामी येतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना चालत नाही. घर्षण कमी झालं की त्याच टक्‌ला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. चांगला रेंचसुद्धा चार टक्के इकडे-तिकडे धरूनच चालायचा. म्हणजे आकड्याच्या पोटातही अंदाज असतोच. पण तो मोजून मापून, लिहून ठेवलेला अंदाज असतो. तो कुणाच्या एकाच्या हातात राहत नाही, आणि हात थकला म्हणून थकत नाही. बाबांच्या बोटांतलं 'पुरेसा' मला कधीच मिळणार नव्हतं. हबचा गंज आणि बोटांनी फिरवायचे पाच आटे मात्र मिळाले, कारण ते सांगता येण्याजोगं होतं.

कुणाला करून बघायचं असेल तर थोडक्यात सांगते. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्यायचा, माझा नाही. रेंचवर दोन मापं असतात, फूट-पाउंड आणि न्यूटन-मीटर. १०८ न्यूटन-मीटर म्हणजे ८० फूट-पाउंड. चुकून १०८ फूट-पाउंडवर लावलं तर ते १४६ न्यूटन-मीटर होतात. एक सोडून एक अशा क्रमाने, आधी निम्मा पीळ आणि चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण. मूठ योग्य जागी धरून सावकाश ओढायचं, हिसके द्यायचे नाहीत. ८० ते १६० किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचं. रेंचने नट सोडवायचा नाही, त्याला दुसरा पाना घ्यायचा. आणि काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग दबलेली राहून थकते.

बाबा आता पुण्यात आहेत. मध्यंतरी टायरवाल्याकडे गेले होते. तिथल्या पोराला गन बाजूला ठेवायला लावून हाताने नट आवळून घेतले, आणि त्याला आकड्यांवर व्याख्यानही दिलं असं आईकडून कळलं. गेल्या रविवारी त्यांनी त्यांच्या गाडीच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवला, आकड्याखाली पेनने रेघ मारून. खाली लिहिलं होतं, 'येताना एक घेऊन ये. कपाटात ठेवणार नाही.'

पुढच्या महिन्यात मी जातेय. रेंच पेटीसकट दोन किलोच्या वर भरतो आणि बॅग तेवीस किलोचीच. आईने बदाम, मेपल सिरप आणि शेजारच्या काकूंचा मसाजर अशी यादी आधीच दिली आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "काकूंचं पुढच्या वेळी बघू." काकू हा ब्लॉग वाचतात, हे त्यांना माहीत नाही.